लडीतला रंग आणि मोज्यातला रंग

हाताने रंगवलेल्या लोकरीबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की स्वेटरचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बहुतेकांची तक्रार एकच: लडी हातात घेतल्यावर जी दिसते ती विणल्यावर दिसत नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. शिवणाची टेप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा जवळ घेऊन बसा, दोन्ही लागतील.

प्रश्न : निळा, जांभळा, मोतिया, गुलाबी अशी सुंदर लडी आहे. ७२ टाक्यांवर मोजा घातला. पोटरीवर एका बाजूला सगळा निळा साचलाय आणि दुसऱ्या बाजूला सगळा गुलाबी. लोकर खराब निघाली का? (कोथरूड)

उत्तर : लोकर चांगली आहे. गणित जुळून आलंय, तेही नको तिथे. रंगवताना लडी एका मोठ्या वेढ्यात पसरलेली असते आणि रंग त्या वेढ्यावर टप्प्याटप्प्याने पडतात. म्हणजे एक वेढा संपला की तेच रंग त्याच क्रमाने पुन्हा. तुमच्या लडीचा वेढा मोजा, बहुधा दीड मीटरच्या आसपास भरेल. आता दोऱ्यावर एक खूण करा, २० टाके विणा, पुन्हा खूण करा, उसवा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. समजा २१ सेंमी आलं. तर ७२ टाक्यांच्या फेरीला साधारण ७५ सेंमी दोरा लागतो आणि दोन फेऱ्यांत बरोबर एक वेढा संपतो. मग दर दोन फेऱ्यांनी निळ्यावर निळा आणि गुलाबीवर गुलाबी येणारच.

जुळणी मोडायची तर टाके बदला. ६६ टाक्यांना ६९ सेंमी लागतील, दोन फेऱ्यांत ११-१२ सेंमीचा फरक पडेल आणि रंग तिरके सरकत जातील. पायाला ७२च हवे असतील तर सुई पाव मिलिमीटरने बदलून पाहा. एका टाक्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी फेरीत साडेतीन सेंमी होतात.

हमखास उपाय दोन गुंड्यांचा. एकाच लडीचे दोन गुंडे करा आणि फेरीआड दोरा बदला. बदलायच्या जागी खड्डा पडू नये म्हणून एक युक्ती आहे. दुसरा दोरा जिथे लोंबतोय त्याच्या ३ टाके आधी थांबा, ते ३ टाके न विणता उजव्या सुईवर घ्या, तिथला दोरा उचला आणि पुढे चला. त्यामुळे बदलाची जागा दर वेळी ३ टाके मागे सरकते आणि शिवणीसारखी रेघ दिसत नाही. दोरे एकमेकांत पिळू नका, नवा दोरा ओढूनही घेऊ नका. ओढला की तिथे मोजा आवळतो आणि टाचेवरून चढत नाही.

पोटरी व्यवस्थित आली तरी टाचेनंतर पुन्हा डाग दिसतील. तिथे टाके आधी वाढतात, मग हळूहळू कमी होतात आणि वाटेत कुठेतरी तो जुळणारा आकडा लागतोच. चार-सहा फेऱ्यांचं ते प्रकरण असतं. त्यासाठी उसवत बसू नका, बुटात कोणाला दिसत नाही.

प्रश्न : दुकानात 'लोकर' म्हणून घेतलेला पांढरा गुंडा व्हिनेगर आणि खायचा रंग घालून शिजवला. पाणी रंगीत, लोकर पांढरीच. (सिंहगड रस्ता)

उत्तर : तो अ‍ॅक्रेलिक आहे. तुळशीबागेत असो वा बोहरी आळीत, गुंड्यांच्या भिंतीच्या भिंती असतात त्यातला बराच माल अ‍ॅक्रेलिकच असतो आणि मराठीत आपण त्यालाही लोकरच म्हणतो. व्हिनेगरबरोबर चढणारे रंग प्राण्यांच्या केसांवर आणि रेशमावर चढतात, नायलॉनवरही चढतात, पण अ‍ॅक्रेलिकवर नाही. खात्री करायची तर बोटभर दोरा चिमट्यात धरून जाळा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटात चुरगळते. अ‍ॅक्रेलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मोरीत करा, बादलीत पाणी ठेवा.

मोज्यांसाठी ७५ टक्के मेरिनो (त्याच नावाच्या मेंढीची मऊ लोकर) आणि २५ टक्के नायलॉन असलेली, १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर भरणारी लडी घ्या. नायलॉन टाच टिकवतं. नुसत्या मेरिनोचे मोजे फार मऊ लागतात आणि घरात फरशीवर चालून लवकर झिजतात. लेबलवर 'सुपरवॉश' लिहिलं असेल तर लोकरीच्या तंतूवरचे खवले काढलेले किंवा झाकलेले असतात. ती आटत नाही, रंगही जास्त खुलून धरते, पण भिजली की सैल पडते. म्हणून नमुन्याचा तुकडा धुऊन वाळवूनच मोजायचा.

धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर वापरता येईल का, असंही याच पत्रात विचारलंय. घोंगडीला ती उत्तम, राकट आणि टिकाऊ. पायाला मात्र टोचते. शिवाय बरीचशी काळी-करडी असते, तिच्यावर रंग दिसणार नाही.

प्रश्न : परदेशातल्या नमुन्यात सुई '२ नंबर' लिहिली आहे. माझ्याकडे आईच्या १० ते १४ नंबरच्या आहेत. (सदाशिव पेठ)

उत्तर : आपल्या घरातल्या जुन्या सुया ब्रिटिश मोजणीच्या: नंबर मोठा, सुई बारीक. १४ म्हणजे २ मिमी, १३ म्हणजे २.२५, १२ म्हणजे २.७५, १० म्हणजे ३.२५ आणि ८ म्हणजे ४ मिमी. अमेरिकन मोजणी उलटी. तिथला २ नंबर २.७५ मिमीचा, म्हणजे आईच्या डब्यातली १२ नंबरची सुई. तिथला १० नंबर तब्बल ६ मिमीचा, त्यामुळे आकडा सारखा म्हणून सुई उचलू नका. नमुन्यात मिलिमीटर शोधा, नंबर विसरा.

प्रश्न : साध्या मोज्याचं पूर्ण माप द्याल का? तळव्याचा घेर २२ सेंमी, लांबी साडेतेवीस. (औंध)

उत्तर : देतो, पण आधी नमुन्याचा तुकडा विणा आणि तो गोलच विणा. सपाट तुकड्यात उलट ओळी येतात आणि बहुतेकींचे उलट टाके किंचित सैल असतात, त्यामुळे माप चुकतं. आपल्याला १० सेंमीत ३२ टाके आणि ४४ फेऱ्या हव्या आहेत. २.२५ मिमीच्या सुईवर साधारण तेवढे येतात. मोजा पायापेक्षा एक दशांश लहान हवा, नाहीतर गोळा होऊन घसरतो. २२चा एक दशांश वजा केला की २० सेंमी, गुणिले ३.२, म्हणजे ६४ टाके.

सुरुवातीलाच लडी काट्यावर ठेवून दोन सारखे गुंडे करा. या मापाच्या एका मोज्याला ३२ ते ३५ ग्रॅम लागतात, म्हणजे १०० ग्रॅममध्ये भीती नाही. पण ५० ग्रॅमच्या दोन वेगळ्या लडी असतील तर कुठला मोजा कुठून सुरू केला ते लिहून ठेवा.

६४ टाके सैल घाला. पायात घालताना हा काठ टाच आणि पाऊल यांच्या तिरक्या घेरावरून जातो, आणि तो सुमारे ३० सेंमी असतो. पाच सुयांच्या संचात चार सुयांवर १६-१६ टाके. गोल जोडताना काठ सगळीकडे खालीच आहे ना बघा. एकदा पिळा पडून जोडलं की उसवण्याशिवाय गत्यंतर नाही. २ सुलट, २ उलट अशी ४ सेंमी बॉर्डर, मग सगळं सुलट, एकूण उंची १४ सेंमी होईपर्यंत. दोन सुयांच्या मध्ये शिडीसारखी फट पडते त्यावर उपाय: नव्या सुईचा पहिला टाका विणताना नव्हे, दुसरा विणताना दोरा ओढा.

टाचेचा पट्टा ३२ टाक्यांवर, मागे-पुढे. सुलट बाजूला एक टाका न विणता, एक सुलट, असं शेवटपर्यंत. उलट बाजूला पहिला टाका न विणता, बाकी उलट. अशा ३२ ओळी. न विणलेल्या टाक्यांमुळे पट्टा दुहेरी जाड होतो आणि हाताने रंगवलेल्या लोकरीत तिथे रंगांची बारीक खडी उठून दिसते. मोज्यातली सगळ्यात देखणी जागा तीच. दोन्ही कडांना १६-१६ साखळ्या दिसल्या पाहिजेत.

टाच वळवणं वाचायला अवघड आणि करायला सोपं आहे. १८ सुलट, मग डावीकडे झुकणारी जोडी (दोन टाके एकेक करून सुलटसारखे उचलायचे आणि मागच्या बाजूने एकत्र विणायचे), १ सुलट, आणि तिथेच वळा. पहिला न विणता, ५ उलट, उलट जोडी (दोन टाके एकत्र उलट), १ उलट, वळा. पुन्हा पहिला न विणता, ६ सुलट, डावी जोडी, १ सुलट, वळा. मधले टाके दर ओळीला एकाने वाढतात. जोडी नेहमी वळल्यामुळे पडलेल्या फटीच्या दोन्ही बाजूंचे टाके मिळून होते, म्हणून मोजायचं विसरलात तरी फट बघून चालता येतं. शेवटी १८ टाके उरतात.

ते १८ सुलट विणा, पट्ट्याच्या कडेने १६ टाके उचला आणि कोपऱ्यात एक जादा. पावलाचे ३२ विणा, पुन्हा कोपऱ्यात एक आणि दुसऱ्या कडेने १६. एकूण ८४. तो कोपऱ्यातला टाका वगळला की तिथे भोक राहतं. 'टाचेजवळ भोक पडलं' अशी तीन पत्रं आली आहेत, त्यांचं उत्तर हेच. मग एक फेरी घटवायची, एक साधी. घटवताना पावलाच्या ३२च्या आधी साधी जोडी (दोन टाके एकत्र सुलट) आणि १ सुलट, त्यांच्या नंतर १ सुलट आणि डावी जोडी. अशा १० घटवायच्या फेऱ्यांनंतर पुन्हा ६४.

तळव्यापेक्षा मोजा सव्वा सेंमी आखूड हवा, म्हणजे सव्वाबावीस. त्यातले साडेचार सेंमी बोटांचे, म्हणून टाचेच्या मागच्या टोकापासून पावणेअठरा सेंमी झाले की बोटांकडे वळा. दोन्ही बाजूंना मिळून एका फेरीत ४ टाके घटवा: आधी एक फेरी सोडून एक अशा ८ वेळा (३२ उरतात), मग सलग ४ फेऱ्या (१६ उरतात). ८ आणि ८ समोरासमोर धरून सुईदोऱ्याने टाक्यात टाका घालत जोडा. या जोडणीला 'किचनेर' म्हणतात. नाव १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड किचनेर यांच्याशी जोडलं जातं. ते स्वतः सुया घेऊन बसले असतील असं समजायचं कारण नाही.

प्रश्न : चपलेत घालायचे अंगठ्याचे मोजे याच मापात कसे करायचे? (वानवडी)

उत्तर : पहाटे फिरायला आणि स्कूटरवर हेच खरे उपयोगी. वरच्या मापात पावलापर्यंत काही बदलू नका. अंगठ्याच्या बेचक्याच्या अर्धा सेंमी आधी थांबा. मोजा पायात घालूनच ही जागा ठरवा, कारण बेचकं प्रत्येकाचं वेगळं असतं.

अंगठ्याच्या बाजूचे वरचे १० आणि खालचे १० टाके सुईवर ठेवा, बाकीचे ४४ जादा दोऱ्यावर ओवा. बेचक्यात ४ नवे टाके घाला. या २४ टाक्यांवर १६ फेऱ्या, मग एक फेरी सगळ्या जोड्या (१२), एक साधी, पुन्हा सगळ्या जोड्या (६), दोरा आरपार ओढून बंद. आता ४४ सुयांवर घ्या, अंगठ्याच्या ४ नव्या टाक्यांच्या पायथ्याशी ४ उचला: ४८. बोटं करंगळीकडे उतरती असतात, म्हणून आधी फक्त करंगळीच्या बाजूला एक वर, एक खाली, असे २ टाके एक फेरी सोडून एक, ५ वेळा (३८). मग दोन्ही बाजूंना मिळून ४, एक फेरी सोडून एक, ३ वेळा (२६), लगेच आणखी एकदा (२२). ११-११ जोडा.

दुसरा मोजा आरशातला. दोन्ही डावेच विणले असं पत्रही आलंय, त्याला उपाय नाही. तिसरा विणा.

प्रश्न : गडद निळी शाल पहिल्या धुण्यात इतकी सुटली की मोरी निळी झाली. मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवली, तरी तेच. (हडपसर)

उत्तर : थंड पाण्यातलं व्हिनेगर काही करत नाही. मीठ तर सुती कापड रंगवणाऱ्यांचं साधन आहे, लोकरीवर सुटणारा रंग ते बांधून ठेवत नाही. लोकरीवर रंग पक्का होतो तो आंबट पाणी आणि उष्णता एकत्र मिळाली की. तुमच्या लडीला एक तर उष्णता कमी मिळाली किंवा लोकरीला पेलवेल त्यापेक्षा जास्त रंग घातला गेला. नीलमोरी छटा या बाबतीत बदनाम आहेत, त्यांचा रंग पाण्यातून लोकरीत जायला वेळ घेतो.

असं करा. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात शाल सैल बुडेल इतकं कोमट पाणी घ्या. १०० ग्रॅम लोकरीला ३ लिटर पाणी, त्यात ६० मिली पांढरं व्हिनेगर किंवा चहाचा एक चमचा लिंबूसत्त्व. शाल आधी साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, मग यात सोडा. मंद आचेवर अर्ध्या तासात ८० अंशांपर्यंत न्या. तापमापक नसेल तर कडेला बारीक बुडबुडे येतील पण उकळी फुटणार नाही, ती जागा. तिथे अर्धा तास धरा. ढवळू नका. गॅस बंद करून शाल त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर राहिली तर उत्तम. गरम शाल नळाखाली धरली तर ती आटून नमदा, म्हणजे घट्ट दाबल्यासारखं जाड कापड, होईल. उष्णता एकदम बदलणं आणि चोळणं, हेच लोकर आटवायचं तंत्र आहे.

पाणी निवळ झालं तर रंग बसला. अजून निळंच असेल तर तो जादा रंग आहे, तो बसणार नाही. कोमट पाण्यात लोकरीच्या लिक्विडने धूत राहा, तीन-चार धुण्यांत संपेल. रिठ्याचं पाणीही चालतं, फक्त पांढऱ्यावर किंचित पिवळट झाक येते. कपड्यांची पावडर नको, ती खाराची असते.

विणण्यापूर्वी तपासायचं असेल तर लडीचं टोक कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती फडक्यात दहा मिनिटं दाबून ठेवा. पांढऱ्या पट्ट्यांच्या शालीत गडद लाल घालणार असाल तर हे केल्याशिवाय सुई उचलू नये. विणताना बोटं नि बांबूच्या सुया रंगतात तेव्हाही हेच कारण, वरचा जादा रंग.

प्रश्न : दसऱ्यानंतर झेंडूची पोतंभर फुलं उरतात. कांद्याची सालं, हळद, बीट हेही घरात आहे. यांनी लोकर रंगवता येईल का? (बिबवेवाडी)

उत्तर : झेंडू हो, कांदा हो, हळद जपून, बीट अजिबात नाही. बिटाचा रंग काढताना भुरळ पाडतो, पण धुण्यात आणि उजेडात उडून मळकट बदामी उरतो. हळद झटकन चढते आणि खिडकीतल्या उन्हात महिन्याभरात फिकी पडते. दुसरं म्हणजे हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्याला माहीत आहेच. तेच खाराच्या साबणाने होतं, पिवळ्या शालीवर लालसर डाग पडतात. थोड्या व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की पुन्हा पिवळे होतात.

झेंडूसाठी आधी तुरटी द्यायची. कोरडी लोकर काट्यावर ठेवा. १०० ग्रॅमला १२ ग्रॅम तुरटीची पूड आणि ५ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर, जे बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. दोन्ही गरम पाण्यात विरघळवून पातेल्यात घाला, भिजवलेली लोकर सोडा, तासाभरात ८० अंश, पुढे एक तास तिथेच, मग त्याच पाण्यात गार. तुरटी जास्त घातली तर रंग जास्त बसत नाही, लोकर मात्र चिकट लागते.

तोरणातला दोरा आणि आंब्याची पानं काढून टाका. ताज्या पाकळ्या लोकरीच्या तिप्पट-चौपट वजनाच्या, वाळलेल्या असतील तर लोकरीइतक्याच. तासभर मंद शिजवून गाळा, नाहीतर प्रत्येक टाक्यातून पाकळी वेचत बसाल. त्या पाण्यात लोकर ८० अंशांवर पाऊण तास. सोनेरी पिवळा येतो. त्यातलीच अर्धी लडी हिराकसाच्या (लोहाचा क्षार) पाण्यात दहा मिनिटं बुडवली तर शेवाळी हिरवा. १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम हिराकस पुरे, त्याहून जास्त झालं की लोकर ठिसूळ होते. लोखंडी कढईत रंगवलं तर हीच काळसर छटा न मागता मिळते, म्हणून भांडं स्टीलचंच.

कांद्याची सालं लोकरीइतक्याच वजनाची हवीत. १०० ग्रॅम सालं म्हणजे घरातले कांदे पुरत नाहीत, भाजीवाल्याकडे पिशवी देऊन ठेवा. रंग सोनेरी तपकिरी. लाल हवा असेल तर काष्ठौषधांच्या दुकानातून मंजिष्ठा आणा, तुरटी दिलेल्या लोकरीवर ७० अंशांच्या आत ठेवा. पाणी जास्त तापलं की लालाचा विटकरी तपकिरी होतो. मंजिष्ठेला पाण्यातला चुना मानवतो, त्यामुळे बोअरचं जड पाणी इथे चालेल. मात्र त्या पाण्यात लोह असेल, बादलीला तांबूस थर बसत असेल, तर सगळेच रंग मळतात. अशा वेळी पिण्याचं पाणी वापरा.

एकाच लडीवर अनेक रंग हवे असतील तर खायचे रंग सोपे. ते रासायनिकदृष्ट्या लोकरीचेच रंग आहेत. लडी व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास भिजवून पिळा, प्लॅस्टिकच्या फिल्मवर पसरा, चमच्याने रंग घाला आणि हातमोजे घालून दाबा. नुसता ओतला तर वरची बाजू रंगते आणि आत पांढरं राहतं. गुंडाळून ३०-४० मिनिटं वाफवा. जांभळा मिश्र रंग असेल तर त्यातला लाल आधी चढतो आणि निळा मागे राहतो, कडा फुटलेल्या दिसतात. काहींना तेच आवडतं. वाफवायला मोदकपात्र उत्तम, पण खायच्या रंगांव्यतिरिक्त दुसरे कुठलेही रंग वापरलेत तर त्या मोदकपात्राला गणपतीत बाहेर काढू नका. आणि व्हिनेगर आहे म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको.

प्रश्न : एकाच रंगाऱ्याच्या, एकाच नावाच्या दोन लड्या. पहिली संपून दुसरी लावली तर शालीवर रेघ मारल्यासारखा फरक. (बाणेर)

उत्तर : एकाच पातेल्यातल्या दोन लड्याही जुळ्या नसतात. सुरुवातीपासून दोन ओळी एका लडीच्या, दोन दुसरीच्या. तेवढा उशीर झाला असेल तर निदान सांध्यावर १२ ओळी अशा मिसळा.

प्रश्न : १०० ग्रॅमच्या एका लडीत त्रिकोणी शाल बसेल का? अर्धी लोकर संपली आणि शाल अजून रुमालाएवढी वाटते. कधी थांबायचं? (कर्वेनगर)

उत्तर : बसते, ४ मिमी सुईवर, म्हणजे ८ नंबरवर. मानेपासून सुरू करा: ३ टाके घालून ६ ओळी सुलट, तुकडा वळवून कडेने ३ उचला आणि सुरुवातीच्या काठाचे ३, एकूण ९. दर सुलट बाजूला ३ टाके काठाचे, मग जाळी (दोरा पुढे घेऊन वाढवलेला टाका), मधल्या टाक्यापर्यंत सुलट, जाळी, मधला टाका, जाळी, सुलट, जाळी, शेवटचे ३. परतीची ओळ सगळी सुलट. दर दोन ओळींना ४ टाके वाढतात. ४०० मीटरमध्ये साधारण १७० ओळी होतात आणि शेवटी सुईवर ३५० च्या आसपास टाके असतात.

आता रुमालाचं. ओळी लांबत जातात, त्यामुळे लोकर ओळींच्या प्रमाणात संपत नाही, वर्गाच्या प्रमाणात संपते. ५० ग्रॅम संपले तेव्हा ओळी निम्म्या नव्हे, ७१ टक्के झाल्या आहेत, म्हणजे १७० पैकी १२०. ७५ ग्रॅम संपले की १४७. पुढचे २५ ग्रॅम जेमतेम २३ ओळींत जातात, तेव्हा 'अजून बरीच आहे' म्हणून रुंद जाळीची किनार सुरू करू नका.

शेवटच्या प्रत्येक ओळीला सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं. घरचा काटा एक ग्रॅमच दाखवतो, म्हणून चार ओळींचं एकत्र वजन करा. टाके बंद करायला ओळीच्या दुप्पट-अडीचपट दोरा जातो. ५ ग्रॅम उरले की थांबा आणि बंद करायला ५ मिमीची सुई घ्या, नाहीतर खालची कड आवळून शाल वाटीसारखी होते.

याच कारणाने रंगही बदलतात. मानेजवळ आखूड ओळींत ठिपके साचतात, खाली बारीक रेघा होतात. नाजूक पानांची जाळी विणायची असेल तर पाच रंगांची लडी बाजूला ठेवा. एकाच रंगाच्या फिकट-गडद छटांची घ्या, नाहीतर जाळीही दिसत नाही आणि रंगही.

विणून झाल्यावर ती कुस्करलेल्या पिशवीसारखी दिसेल, घाबरू नका. कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून वर पाय देऊन पाणी काढा, मुलांच्या खेळण्याच्या फोमच्या चटईवर ताणा आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी टोकं ओढून लावा. पंख्याखाली, सावलीत. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, ओलसर असताना टाचण्या काढल्या तर सगळं आक्रसतं. अ‍ॅक्रेलिकच्या शालीवर हे करून उपयोग नाही, सुकली की मूळ पदावर येते.

प्रश्न : गेल्या वर्षीच्या शालीला कसर लागली. डांबराच्या गोळ्या होत्या तरी. (नारायण पेठ)

उत्तर : कसरीची अळी घामाच्या आणि सांडलेल्या चहाच्या जागा आधी खाते. फेब्रुवारीत थंडी संपली की धुऊन, कडकडीत वाळवून, सुती पिशवीत बांधून ठेवा. गोळ्या बंद डब्यातच काम करतात, उघड्या कपाटात नुसता वास येतो, आणि लोकरीला त्या चिकटू देऊ नयेत. आत्ता लागलेली कसर मारायला शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये तीन दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लोकरीवर दव धरतं. मग झटकून भोकं मोजा. उरलेला दोरा जपून ठेवला असेल तर रफू जुळतो, म्हणून हाताने रंगवलेल्या प्रत्येक लडीचे निदान ५ मीटर लेबलासकट पाकिटात ठेवावेत.